दोन मल्हारी सहादू

पिंपळगाव बसवंत
८ जानेवारी २००३

प्रिय प्रतिभाताई,

पत्र पाहून तुला वाटेल, मामेबहिणीची आज कशी आठवण झाली हिला. काम आहे म्हणून लिहितेय, आधीच सांगते.

खंडेराव दादांच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर मला दिवाळीपासून कॉम्प्युटरचं काम मिळालंय. इथून माल युरोपला जातो. त्याआधी प्रत्येक बागेतला नमुना प्रयोगशाळेत जातो आणि फवारलेल्या औषधाचा अंश मण्यात किती राहिला ते तपासतात. रिपोर्ट पास झाला तर माल कंटेनरमध्ये, नापास झाला तर माघारी. हे सगळं मी अ‍ॅक्सेसमध्ये भरते. एक टेबल शेतकऱ्यांचं, त्यात नाव, गाव, गट नंबर. दुसरं रिपोर्टांचं, त्यात नाव, गाव आणि निकाल. पहिली फेरी झाली, सगळे पास आहेत.

आता गंमत बघ. शेतकरी २१४. रिपोर्टही २१४. नाव आणि गाव यांवर दोन्ही टेबलं जोडली की ओळी येतात २२६! या बारा ओळी कुठून आल्या? दोन दिवस डोकं फोडलं. क्लासची वही काढून पाहिली, तर त्यात जॉइनचं एकच पान, तेही अर्धं. फोन केला असता, पण टेबलं जोडायला लिहिलेल्या क्वेरीतले कंस आणि स्वल्पविराम सांगेपर्यंत एसटीडीवाल्याचं मीटर कुठल्या कुठं पळतं. म्हणून क्वेरी वेगळ्या कागदावर उतरवून सोबत पाठवतेय.

मामा दर गुरुवारी येतात. मामी गेल्यापासून त्यांना त्या घरात करमत नाही. आईच्या हातची बाजरीची भाकरी खातात आणि मग पॅकहाऊसवर माझ्या शेजारी खुर्ची टाकून दुपारभर बसतात. परवा सगळ्यांना सांगत होते, "ही माझी भाची. एवढा पसारा एकटी सांभाळते." मला अगदी लाजल्यासारखं झालं.

तुझ्यासाठी हे काम म्हणजे हातचा मळ. लवकर कळव.

तुझी,
मैना

---

पुणे
१९ जानेवारी २००३

प्रिय मैना,

पत्र मिळालं. क्वेरीत सिलेक्ट या शब्दाच्या पुढे डिस्टिंक्ट हा शब्द लिही. तंतोतंत सारख्या ओळी मग एकदाच दिसतात. २१४ येतील.

मी चार वर्षं इथे एका विमा कंपनीच्या टेबलांवर हेच काम करते. तिथे दोन टेबलं नाहीत, एकशे ऐंशी आहेत. हे तुला सांगायचं कारण एवढंच की तुझ्या पत्रातलं उद्गारचिन्ह पाहून मला हसू आलं.

अण्णा दर गुरुवारी तुमच्याकडे असतात हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी गुरुवारी घरी फोन लावते तेव्हा तो नुसता वाजत राहतो. मला वाटायचं, देवळात गेले असतील. इतर दिवशी फोन उचलला तर दोनच प्रश्न असतात. जेवलीस का, आणि पुण्यात थंडी आहे का. मी काय काम करते हे माझ्या वडिलांनी चार वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. आणि तुझ्याशेजारी ते दुपारभर बसतात. एवढं काय बघतात तिथे?

आत्याला नमस्कार सांग.

प्रतिभा

---

पिंपळगाव बसवंत
२५ जानेवारी २००३

प्रिय प्रतिभाताई,

जादू झाली! एक शब्द घातला आणि २१४ म्हणजे २१४. एक ओळ जास्त नाही की कमी नाही. खंडेराव दादांनी सगळ्या पॅकिंगवाल्या बायकांसमोर सांगितलं, "मैनाबाईंनी कॉम्प्युटर वठणीवर आणला." मी तुझं नाव सांगणार होते, पण तेवढ्यात टेम्पो आला आणि राहून गेलं.

मामांना कळलं तर त्यांनी येताना नाशिक रोडहून पाव किलो पेढे आणले आणि सगळ्यांना वाटले. मग मला म्हणाले, "जॉइन म्हणजे नेमकं काय गं?" मी त्यांना सांगितलं, लग्नघरात एका यादीत पाहुण्यांची नावं असतात, दुसरीत त्यांना कुठली खोली दिली ते. दोन्ही याद्या नावावरून जुळवल्या म्हणजे कोण कुठं उतरलं ते समजतं. मामांनी ते वहीत लिहून घेतलं. हो, त्यांनी शंभर पानी वही केलीय! आणि जाताना आईला म्हणाले, "पोरगी असावी तर अशी."

तू विचारलंस ना, एवढं काय बघतात. मला पण कळत नाही बाई. बघत असतात.

तुझी,
मैना

---

पुणे
३ फेब्रुवारी २००३

मैना,

जमलं ते बरं झालं.

पेढ्यांचं वाचलं. मला ही नोकरी लागली तेव्हा घरी पेढे आले होते का, हे आठवून पाहत होते. आले असते तर आठवलं असतं. तू क्लाससाठी सहा महिने आमच्याकडे राहिलीस, माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर. तेव्हा मी इथे पुण्यात चौघींच्या खोलीत गादी अंथरत होते. तेव्हाही अण्णा मला फोनवर सांगायचे, मैना पहाटे उठून चहा करते, मैनानं परसात कढीपत्ता लावला. मी काही म्हणाले नव्हते.

त्या क्वेरीबद्दल आणखी एक सांगायचं होतं. असू दे. चाललंय ना, मग चालू दे.

प्रतिभा

---

पिंपळगाव बसवंत
१ मार्च २००३

प्रतिभाताई,

फार वाईट झालंय. कुठून सांगू कळत नाही. क्रमानं सांगते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या फेरीचे रिपोर्ट आले. मी टेबलात जुने निकाल काढून नवे भरले आणि नापासांची यादी छापली. गट नंबरासकट सात नावं आली. सोमवारी दादांनी ती गेटवरच्या बोर्डावर लावली. यंदा बोर्डावर नाव येणं म्हणजे गावात तोंड काळं होण्यासारखंच आहे. एकाच्या बागेत जादा औषध निघालं तर परदेशातून सगळ्यांचाच माल परत येईल, ही भीती प्रत्येकाला आहे.

यादीत कारसूळचे मल्हारी सहादू विधाते होते. साठीचे आहेत. त्यांच्या बागेला दोनदा बक्षीस मिळालंय. मंगळवारी ते फवारणीची वही घेऊन आले. कोणत्या तारखेला काय मारलं, किती मारलं, सगळं त्यात लिहिलेलं. दादांना म्हणाले, "वही बघ. मी चाळीस दिवसांत हात लावला नाय औषधाला." दादा म्हणाले, "मल्हारीनाना, कॉम्प्युटरात नापास हाय. मी काय करू?" मग नाना माझ्याकडं वळले. "पोरी, तू सांग." ताई, मीही तेच म्हणाले. कॉम्प्युटरमध्ये नापास आहे.

त्यांनी वहीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी मी खोटा." आणि निघून गेले.

बुधवारी सकाळी त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि बागेत शिरले. घड लटकलेले, तोडणीला आलेले. बुडापासून एकेक खोड तोडत गेले. भागीबाईंनी, त्यांच्या बायकोनं, हात धरला तर त्यांना बाजूला सारलं. शेवटी दोन्ही मुलांनी मिळून धरलं तेव्हा पाऊण एकर आडवा झाला होता. वेली तारांवर तशाच, आणि खाली त्यांना आधार नाही. दुपारपर्यंत पानं माना टाकून बसली. मी स्वतः पाहिलं.

गुरुवारी मामा आले. त्यांना सांगितलं. त्यांनी प्रयोगशाळेचे कागद मागितले आणि बोट लावून मोजले. सहा. नापासाचे कागद सहा आणि बोर्डावर नावं सात.

कारसूळला मल्हारी सहादू विधाते दोन आहेत, ताई. चुलतभाऊ. दोघांच्या बापांचं नाव सहादू. नापास दुसऱ्यांचा आहे. कागदावर गट नंबर छापलेला होता, पण मी तो रिपोर्टांच्या टेबलात भरलाच नव्हता. दोघांच्या ओळी एकमेकांना चिकटल्या, एकाचा नापास दोघांपुढे लागला; यादीत तेच नाव दोनदा दिसलं तेव्हा मला वाटलं, एकाच माणसाचे दोन गट.

घरी येताना मी मामांना म्हटलं, तुम्ही माझ्याकडे उगाच वेळ घालवता, मला काहीच येत नाही. तर ते काय म्हणाले ते तसंच लिहिते. म्हणाले, "प्रतिभा फोनवर कामाचं सांगायला लागली की मला ओ की ठो कळत नाही. मग मी घाबरून जेवणाचं विचारतो. म्हटलं, तुझ्याशेजारी बसून थोडं शिकावं. मग तिला धड चार प्रश्न तरी विचारता येतील." त्यांच्या त्या वहीत मागच्या बाजूला तुला विचारायचे प्रश्न लिहिलेले आहेत. मी आजच पाहिले. बावीस आहेत.

माझं कुठं चुकलं ते कळव. तू सांगितलंस तसंच केलं होतं.

मैना

---

पिंपळगाव बसवंत
१५ मार्च २००३

ताई,

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. हे साधं कार्ड टाकतेय.

मी काम सोडलं. दादांनी काढलं नाही, माझी मीच सोडलं. भागीबाई एक दिवस पॅकहाऊसवर आल्या होत्या. नुसतं कॉम्प्युटरकडं बघितलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मला त्या खुर्चीत बसवेना.

घरी बसून कागदावर मांडून पाहिलं. त्या बारा ओळी कुठून आल्या ते आता समजलं. आमच्या यादीत एकाच नावाच्या, एकाच गावच्या सहा जोड्या आहेत. दोन नावं आणि दोन रिपोर्ट, म्हणून दोनाच्या जागी चार ओळी. सहा जोड्यांच्या बारा जादा. मला हे समजायला बाग तुटावी लागली. तुला मी आकडे लिहिले तेव्हा समजलं नव्हतं का?

मैना

---

पुणे
२१ मार्च २००३

मैना,

समजलं होतं.

तुझं पहिलं पत्र उघडल्यावर पाच मिनिटांत समजलं होतं. बारा जादा म्हणजे नावं सारखी असणार, हे मला रोजच्या कामानं माहीत आहे. नावावर जोडायचं नसतं. प्रत्येक शेतकऱ्याला एक नंबर द्यायचा, तोच नंबर दोन्ही टेबलांत घालायचा आणि त्यावर जोडायचं. डिस्टिंक्टनं फक्त दिसणाऱ्या ओळी कमी होतात. चुकीची जोडणी आत तशीच राहते. सगळे पास होते तोवर ती दिसणार नव्हती. सारख्या नावांत पहिला नापास आला की दिसणार होती. हेही मला माहीत होतं.

मी ते का लिहिलं नाही? आधी स्वतःला सांगितलं की दोन पानं लिहायला वेळ नव्हता. ते खोटं आहे. मी ते पत्र लिहिलं तेव्हा रविवार होता आणि मला दुसरं काहीही काम नव्हतं. मी पेन हातात धरून बसले होते, आणि डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. अण्णा तुझ्याशेजारी खुर्ची टाकून बसलेत. मला वाटलं, एक दिवस त्यांच्यासमोर हिचं काहीतरी चुकावं. फार नाही. एवढंच की त्यांनी मान वर करून म्हणावं, हे प्रतिभाला विचारायला हवं होतं.

एवढ्यासाठी मी अर्धं उत्तर पाठवलं.

तू पेढ्यांचं लिहिलंस तेव्हा खरं सांगायला घेतलं होतं. एक ओळ लिहिली आणि "असू दे" म्हणून थांबले. "पोरगी असावी तर अशी" हे वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगायची लाज वाटते. त्या पत्राची घडी फाटली आहे.

आणि मग तुझं एक मार्चचं पत्र आलं. बाग, आणि त्याच्याखाली ते बावीस प्रश्न. तीन आठवडे मी कुणाशी नीट बोललेली नाही. ऑफिसात तीच टेबलं उघडते आणि बंद करते.

तू म्हणशील ते करीन. चूक तुझी नाही, हे मी खंडेराव दादांना लेखी कळवू का?

प्रतिभा

---

पिंपळगाव बसवंत
२९ मार्च २००३

प्रतिभा,

ताई लिहायला मन होत नाही. राग मानलास तर मान.

तुझं पत्र मी मळ्यात जाऊन वाचलं, कारण घरात आई होती. पहिल्यांदा वाटलं, उठून पुण्याला यावं आणि तुझ्या ऑफिसात सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. मग वाटलं, नको, तू तिथंही नीट इस्त्रीच्या कपड्यात बसलेली असशील आणि मीच येडी दिसेन.

लेखी बिखी काही नको. कागदानंच झालंय हे सगळं. तू ये आणि मल्हारीनानांना तोंडानं सांग. मी माझ्या वाटणीचं सांगून आलेय. गट नंबर मी भरला नाही, कागद मोजले नाहीत, आणि वही समोर धरलेल्या माणसावर विश्वास न ठेवता पडद्यावर ठेवला. एवढं माझं. ते ऐकून घेतलं त्यांनी. चहा दिला नाही.

मी तुझ्याबरोबर येणार नाही. मामांना ने. पण आधी त्यांना सांग.

मैना

---

पुणे
१५ एप्रिल २००३

प्रिय मैना,

शनिवारी जाऊन आले. तुमच्या घरावरून गेले, पण तू बरोबर येणार नाही म्हणाली होतीस म्हणून आत आले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णांना सांगितलं. सगळं सांगितलं, त्यांच्यासमोर तुझं काहीतरी चुकावं असं वाटलं होतं त्यासकट. ते खुर्चीत बसले होते. त्यांनी ती वही उघडली, मिटली आणि कपाटात ठेवून दिली. रात्री जेवले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, "मी येतो. पण बोलणार तू."

मल्हारीनाना बागेत होते. तोडलेल्या भागात नाही, उरलेल्या भागात पाणी धरत होते. आम्हाला पाहून त्यांनी फावडं टेकवलं. अण्णांनी ओळख करून दिली आणि बांधावर जाऊन बसले. मी उभ्यानंच सांगितलं. शाळेतल्या भाषणासारखं पाठ करून गेले होते, ते दोन वाक्यांत संपलं. मग जसं आलं तसं सांगितलं. बहिणीचा हेवा वाटला, म्हणून माहीत असून सांगितलं नाही.

त्यांनी फावडं उचलून पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग म्हणाले, "म्हंजी तुला माझं नाव बी ठावं नव्हतं."

"नव्हतं, नाना."

"आन् मला वाटत व्हतं, कुणीतरी माझ्यावर डूख धरलाय. चुलतभावाशी दीड म्हैना बोललो नाय मी." ते थोडे हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "ह्या गावात आम्ही दोगं लहानपणापून मल्हारी सहादू. माझं पत्र त्याच्या घरी जातं, त्याचं माझ्या. बांधावरून हाक मारितो आन् देऊन टाकितो. तुमच्या मशिनीला हाक मारता येईना व्हय?"

 मी म्हणाले, मला माफ करा.

ते म्हणाले, "माफीचं राहू दे. कुऱ्हाड माझ्या हातात व्हती, ती तू दिली नाय. ते माझं मी बघीन. पण नाव लावलं व्हतं बोर्डावर, ते काढलं कुणी गुपचूप. लावताना पाच गावं जमली व्हती. काढताना कुनी बघितलं?"

मग त्यांनीच सांगितलं काय करायचं ते. आम्ही तिघं टेम्पोनं पॅकहाऊसवर आलो. मोजणीची वेळ होती, शंभरेक माणसं असतील. खंडेराव दादांनी मला कागद दिला. मी लिहिलं की कारसूळच्या गट ११२चे मल्हारी सहादू विधाते यांचा माल पास होता आणि आहे. त्यांचं नाव चुकीनं लागलं. ती चूक मला आधीपासून ठाऊक होती. खाली सही केली, आणि नानांनी सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचलं.  मागून एक बाई म्हणाली, "पुण्याची हाय म्हने, इंजिनेर." कुणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. कागद बोर्डावर लागेपर्यंत थांबले आणि मग कुणालाही न सांगता चालत निघून गेले.

परतताना बसची वाट बघत आम्ही हायवेला उभे होतो. अण्णा पहिल्यांदाच बोलले. "मैनाला चांगलं म्हटलं की तुझं कमी होतं, हे गणित तुला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "तुम्ही. काही न बोलून."

त्यांना ते लागलं. मला दिसलं. पण त्यांनी ते नाकारलं नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले आणि ओझरच्या पुढे मला विचारलं, "तुमच्या त्या विमा कंपनीत एका नावाची दोन माणसं आली तर काय करता?" मी सांगू लागले. नाशिक येईपर्यंत सांगत होते.

प्रतिभा

---

पिंपळगाव बसवंत
८ जून २००३

प्रतिभा,

उत्तराला उशीर केला. मुद्दाम केला.

इकडची बातमी आधी. दादांनी मला परत बोलावलं. मी एका अटीवर गेले. आता प्रत्येक शेतकऱ्याला नंबर आहे आणि तो नमुन्याच्या पिशवीवर, प्रयोगशाळेच्या कागदावर आणि दोन्ही टेबलांत एकच आहे. २१४ला २१४, डिस्टिंक्टशिवाय. मल्हारीनानांची तोडलेली खोडं बुडातून फुटलीत. ते म्हणतात एकेक फुटवा वर चढवीन. फळाला दोन वर्षं जातील. परवा मला चहा दिला. दोन्ही मल्हारी ओट्यावर बसले होते.

आता दुसरं. हे लिहायला दीड महिना लागला.

"पोरगी असावी तर अशी" असं मामा कधी म्हणालेच नव्हते. ते माझ्या मनाचं. पेढे आणले होते, पण दादांना दिले आणि म्हणाले, "आमच्या प्रतिभानं सांगितलं, तेव्हा सुटलं." मी तुझं नाव सांगायचं राहून गेलं असं लिहिलं होतं ना, राहून गेलं नव्हतं. मी गप्प बसले आणि मामांनी सांगितलं. आणि मला त्यांचा राग आला.

मी तुमच्याकडं राहिले ते सहा महिने तुला आठवतात ते चहाचे आणि कढीपत्त्याचे. मला काय आठवतं सांगू? तुझे जुने ड्रेस. मामी उसवून माझ्या मापाचे करायच्या. क्लासमधल्या पोरी म्हणायच्या, हा तर प्रतिभाचा ड्रेस. भिंतीवर तुझं मार्कशीट. मामा आल्यागेल्याला तेच दाखवायचे. मी पहाटे उठून चहा करायचे, कारण दुसरं मला काय दाखवता येणार होतं?

म्हणून तुला पत्र लिहायला बसले की मामांचं लिहायचे. तुला लागावं म्हणून. तुझं पहिलं उत्तर वाचलं तेव्हा कळलं की लागलंय, आणि मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. पुढच्या पत्रात आणखी मीठ घातलं. एक मार्चला पहिल्यांदा तुला सरळ लिहिलं.

पण तुझं आणि माझं सारखं आहे असं समजू नकोस. मी खोटं लिहिलं त्यानं कुणाची बाग गेली नाही. हे मी विसरणार नाही आणि तूही विसरू नकोस.

शेवटचं. पुण्यात डेटाबेसचा वर्षभराचा कोर्स आहे. प्रवेश मिळाला, जुलैपासून. दादा म्हणतात, शिकून ये, खुर्ची राखून ठेवतो. राहायची सोय नाही. तुझ्याकडं राहू का? जमणार नसेल तर सरळ नाही म्हण. गोड बोलून अर्धं सांगू नकोस.

मैना

---

पुणे
१४ जून २००३

प्रिय मैना,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, आणि मग एवढं मोकळं वाटलं की ऑफिसला उशिरा गेले. त्या एका वाक्यावर मी पाच महिने जळत होते आणि ते वाक्य नव्हतंच.

ये.

पूर्ण सांगते, अर्धं नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पाणी सकाळी सहा ते सात. घरमालकीणबाई दोघींना हो म्हणाल्या. खिडकीजवळचा पलंग माझा आहे, तो मी देणार नाही. माझे जुने कपडे तुला देणार नाही. तू मागितलेस तरी नाही. कोर्समध्ये अडलं की विचार. दोन पानं लागली तर दोन पानं सांगीन, आणि मला येत नसलं तर येत नाही म्हणेन.

रविवारी सकाळी अण्णांचा फोन येतो. आता कामाचंच विचारतात, बारावा प्रश्न चालू आहे. तू इथे आल्यावर त्यांनी आधी "मैनाला दे" म्हटलं, तर मला वाईट वाटेल. वाटणारच. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. सरळ तोंड फिरवून बसेन. तू फोनवर बोलून घे, आणि मग चहा ठेव. तोवर माझं तोंड ठिकाणावर आलेलं असेल.

सामान जास्त आणू नकोस, जिने फार आहेत. कोणत्या गाडीनं येणार ते कळव, मी स्टँडवर येते.

प्रतिभा